मार्टिंगेल म्हणजेच जेरबंद

‘बिबट्या जेरबंद’, ‘सराईत दरोडेखोर जेरबंद’. मराठी वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत हा शब्द सतत भेटतो. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पिंजरा येतो, बेड्या येतात. घोडा मात्र येत नाही. जेरबंद हा पागेतला शब्द आहे. घोड्याच्या पोटाखालून खोगीर आवळणाऱ्या पट्ट्यापासून, म्हणजे तंगापासून, निघून, पुढच्या दोन पायांमधून वर जाऊन, नाकावरच्या पट्टीला किंवा लगामाला मिळणारा चामड्याचा पट्टा म्हणजे जेरबंद. घोड्याने मान ठरावीक मर्यादेपलीकडे वर उडवू नये, हे त्याचे काम. युरोपात याच पट्ट्याला मार्टिंगेल म्हणतात.

हे मार्टिंगेल नाव मोठे फिरस्ते निघाले. घोड्याच्या छातीखालून ते शिडाच्या जहाजाच्या नाळेखाली गेले. फ्रेंच शिंप्यांनी ते कोटाच्या पाठीवर शिवले. जुगाऱ्यांनी ते आपल्या एका डावपेचाला दिले आणि विसाव्या शतकात गणितज्ञांनी संभाव्यताशास्त्रातल्या एका मध्यवर्ती कल्पनेसाठी ते उचलले. मला या प्रवासाचे आकर्षण वाटते ते केवळ शब्दाच्या गमतीसाठी नाही. वर उसळणाऱ्या जोराला खालून धरून ठेवायचे, ही माणसाची जुनी गरज आहे. ती कुठे भागते आणि कुठे भागत नाही, याचा धडा या एका नावात साठलेला आहे.

पट्टा कसा चालतो

घोड्याच्या तोंडात पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना मोकळी हिरडी असते. लगामाचे लोखंड तिथे बसते. स्वाराने लगाम ओढला की दाब या हिरडीवर पडतो आणि घोड्याला इशारा कळतो. पण घोड्याने नाक पुढे काढून मान झटकन वर केली, तर हे लोखंड हिरडीवरून सरकून ओठांच्या कोपऱ्यांत जाते. मग लगाम कितीही ओढला तरी त्याचा हवा तसा परिणाम होत नाही. शिवाय उडालेले डोके स्वाराच्या तोंडावर आदळण्याची भीती असते. मान आणि डोके हा घोड्याच्या अंगाचा तोल सांभाळणारा भाग असल्याने मान कुठे जाते यावर त्याची चाल, वळण आणि थांबणे अवलंबून असते.

यावर दोन प्रकारचे जेरबंद वापरात आले. पहिला स्थिर. त्याचे एक टोक तंगाला आणि दुसरे थेट नाकावरच्या पट्टीला. मान ठरलेल्या उंचीपर्यंत मोकळी असते. त्यापुढे गेली की पट्टा ताणला जातो आणि घोड्याला आपल्याच नाकावर दाब जाणवतो. दुसरा सरकता. यात पट्टा छातीपाशी दुभंगतो, दोन्ही शाखांच्या टोकांना कड्या असतात आणि त्या कड्यांतून लगामाच्या वाद्या ओवलेल्या असतात. घोड्याने मान वर नेली की कड्या वाद्यांना खाली खेचतात आणि तोंडातले लोखंड पुन्हा हिरडीवर येते. मान खाली आली की दाब आपोआप सुटतो. दोन्ही प्रकारांत पट्टा पायांत लोंबू नये म्हणून गळ्याभोवती एक आधाराची पट्टी असते.

पोलोच्या मैदानावर स्थिर जेरबंद सर्रास दिसतो, कारण तिथे भरधाव घोड्याला क्षणात थांबवून वळवावे लागते आणि अशा वेळी तो मान वर टाकतोच. उड्यांच्या स्पर्धांत सरकत्या जेरबंदाला पसंती असते. उडी मारताना घोड्याला मान लांब करावी लागते आणि आखूड स्थिर पट्टा त्याला तिथे अडवतो. ड्रेसाजच्या स्पर्धेत दोन्हींना मनाई आहे, कारण कोणत्याही पट्ट्याशिवाय घोडा किती समतोल चालतो याचीच तिथे परीक्षा असते. खोल पाण्यातून घोडा न्यायचा असेल तर स्थिर जेरबंद आधी सोडावा, ही घोडेस्वारांची जुनी शिकवण. पोहणाऱ्या घोड्याला नाक पाण्याच्या वर ठेवण्यासाठी मान उंच करावीच लागते. पट्ट्याने बांधलेला घोडा बुडू शकतो.

जाणते चाबुकस्वार आणखी एक गोष्ट सांगतात. घोडा मान का उडवतो ते आधी शोधा. दात दुखत असतील, खोगीर पाठीला टोचत असेल, स्वाराचा हात जड असेल. कारण तसेच ठेवून पट्टा आवळला, तर दुखणे झाकले जाते आणि घोडा हट्टी होतो. जेरबंद ही मर्यादा आहे, शिक्षणाचा पर्याय नाही.

या पट्ट्याच्या रचनेतली एक बाब पुढच्या सगळ्या गोष्टीसाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्याचे एक टोक अस्वस्थ डोक्याला बांधलेले असते आणि दुसरे घोड्याच्याच धडाभोवती घट्ट आवळलेल्या तंगाला. म्हणजे डोक्याच्या उसळीला घोड्याच्या स्वतःच्या शरीराचा आधार मिळतो. स्वाराच्या हातातली ताकद तिथे खर्ची पडत नाही. जेरबंद काम करतो तो या दुसऱ्या टोकामुळे.

जेर आणि जबर

आपला शब्द फारसीतून आला. ‘जेर’ म्हणजे खाली, ‘बंद’ म्हणजे बांधणी. खालून बांधणारा तो जेरबंद. जेरच्या उलट ‘जबर’, म्हणजे वर. फारसी लिपीत अक्षराखाली देतात त्या स्वरचिन्हाला जेर आणि अक्षरावर देतात त्याला जबर म्हणतात. ज्याचा हात वर तो जबरदस्त, ज्याचा हात खाली तो जेरदस्त. मराठीने जबरदस्त उचलला तसा जेरही उचलला. शत्रूला जेर करणे, एखाद्याला जेरीस आणणे हे आपण रोज बोलतो.

मध्ययुगीन दख्खनच्या लष्करी जीवनाने मराठीला घोड्याच्या साजाचा मोठा शब्दसाठा दिला. खोगीर, लगाम, रिकीब, तंग, दुमची, तोबरा, अगाडी-पिछाडी. यांतले काही शब्द घोड्यांबरोबर मागे पडले, काहींनी नवे अर्थ घेतले. लगाम आज खर्चाला घालतात, खोगीरभरती संमेलनाच्या कार्यक्रमात होते. जेरबंदाच्या बाबतीत पट्ट्याचा अर्थ जवळजवळ पुसला गेला आणि पकडल्याचा, काबूत आणल्याचा अर्थ उरला. मूळ जेरबंद घोड्याला कोंडत नाही. तो बांधलेला असतानाच घोडा धावतो, वळतो, उडी मारतो. आजच्या अर्थात मात्र जो जेरबंद झाला त्याची हालचालच संपली. शब्द टिकला, पण त्यातली मोकळीक गेली.

मार्तिग गावची तऱ्हा

मार्टिंगेल हे नाव कुठून आले याबद्दल दोन मते आहेत. सर्वांत प्रचलित मत आपल्याला दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतात घेऊन जाते. मार्सेय शहराच्या वायव्येला, बेर नावाच्या मोठ्या खाऱ्या सरोवराच्या तोंडाशी मार्तिग हे गाव आहे. कालव्यांनी विभागलेल्या तीन वस्त्या १५८१ साली एकत्र येऊन ते एक गाव झाले. मासेमारीवर जगणारे, सरोवर आणि समुद्र यांच्यामध्ये वसलेले हे गाव बाकीच्या प्रोव्हान्सपासून काहीसे बाजूला होते. मार्तिगच्या माणसाला प्रोव्हान्सच्या भाषेत ‘मार्तेगाल’ म्हणत आणि तिथल्या तऱ्हेने केलेल्या गोष्टीला ‘आ ला मार्तेगालो’.

सोळाव्या शतकातल्या फ्रेंचमध्ये हा शब्द प्रथम विजारीच्या संदर्भात दिसतो. फ्रान्स्वा राबले या लेखकाने १५३४ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या ‘गार्गांतुआ’ या कादंबरीत मार्टिंगेल पद्धतीच्या विजारीचा उल्लेख आहे. या विजारीचा मागचा भाग वेगळा उघडता येई आणि पायांमधून जाणाऱ्या पट्टीने बांधून ठेवता येई. पायांमधून जाणारी पट्टी हा दुवा धरला, तर हेच नाव घोड्याच्या दोन पायांमधून जाणाऱ्या पट्ट्याला कसे मिळाले असेल हे समजते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीतही ते घोड्याच्या साजासाठी रुळलेले होते.

दुसरे मत स्पेनकडे बोट दाखवते. स्पॅनिशमध्ये घोड्याच्या एका दाव्याला ‘आल्मार्तागा’ म्हणतात आणि त्या शब्दाचे मूळ अरबी आहे. मध्ययुगात इबेरियातल्या अरबी घोडेस्वारीचा युरोपवर मोठा प्रभाव होता, त्यामुळे ही शक्यताही कोशकारांनी गंभीरपणे घेतली. कदाचित अरबी साजाचे नाव फ्रेंचांच्या कानी मार्तिगसारखे ऐकू आले असेल आणि दोन्ही प्रवाह मिसळले असतील. आपला जेरबंद फारसीकडून आला आणि त्यांचा मार्टिंगेल कदाचित अरबीच्या वाटेने. घोडा जिथून गेला तिथे साजाचे शब्दही त्याच्याबरोबर गेले.

फ्रेंच शिंप्यांनी पुढे ओव्हरकोटाच्या पाठीवर, कमरेशी शिवलेल्या अर्ध्या पट्ट्यालाही मार्टिंगेलच म्हटले. तलवारबाजीत तलवार हातातून निसटू नये म्हणून मुठीला बांधतात ती वादीही मार्टिंगेल. डोके मानेपेक्षा निमुळते असलेल्या शिकारी कुत्र्यांसाठी, म्हणजे ग्रेहाउंडसारख्या जातींसाठी, ओढले की थोडेसेच आवळणारा जो पट्टा वापरतात त्याचेही नाव हेच. वस्तू वेगवेगळ्या, काम मात्र एका जातीचे: हालचाल चालू द्यायची आणि तिला एका मर्यादेत धरायचे.

नाळेखालचा दोर

शिडाच्या मोठ्या जहाजाचे चित्र आठवा. नाळेपासून पुढे, समुद्रावर झेपावलेला एक लांब सोट दिसतो. त्याला बोस्प्रिट म्हणतात. अठराव्या शतकात त्याच्या टोकाला आणखी एक सोट जोडण्याची पद्धत रुळली, तो जिब-बूम. समोरची त्रिकोणी शिडे, म्हणजे जिब, यांच्यावर ताणली जात. पण सोटाचे त्याहून मोठे काम होते. पुढच्या डोलकाठीचे वरचे भाग मागे कलंडू नयेत म्हणून त्यांच्या टोकापासून निघालेले जाड दोर पुढे येऊन याच सोटांना बांधलेले असत. म्हणजे डोलकाठीची स्थिरता सोटावर अवलंबून.

जहाज लाटेवर चढले-उतरले की उंच डोलकाठ्या मागे झोल घेत आणि त्यांचे दोर जिब-बूमचे टोक वर खेचत. जिब शिडात वारा भरला की त्याची ओढही वरच्याच दिशेने. मान वर टाकणाऱ्या घोड्यासारखाच हा प्रश्न. जिब-बूम मोडला तर दोर सैल पडत आणि त्यांच्यामागून डोलकाठीचा वरचा भाग कोसळण्याची भीती असे.

बोस्प्रिटला खाली धरायला त्याच्या टोकापासून जहाजाच्या पाणी कापणाऱ्या पुढच्या कण्यापर्यंत दोर किंवा साखळी ताणत; त्याला बॉबस्टे म्हणत. जिब-बूम मात्र आणखी पुढे गेलेला. त्याच्या टोकापासून कण्यापर्यंत सरळ दोर ताणला, तर तो सोटाशी फार लहान कोन करतो आणि असा दोर टोकाला खाली ओढण्याऐवजी मागेच जास्त ओढतो. साधा हिशेब पाहा. टोकावर एक टन ओढ वरच्या दिशेने असेल आणि दोर सोटाशी १० अंशांचा कोन करत असेल, तर ती तोलण्यासाठी दोरात जवळपास पावणेसहा टन ताण यावा लागतो. कोन ३० अंशांचा केला की दोन टनांत काम भागते.

हा कोन वाढवण्याची युक्ती अठराव्या शतकाच्या अखेरीस निघाली. बोस्प्रिटच्या टोकाखाली एक आखूड दांडा पाण्याच्या दिशेने उभा लोंबता ठेवला. जिब-बूमच्या टोकापासून निघालेला दोर आधी या दांड्याच्या खालच्या टोकाला येई आणि तिथून मागे जहाजाच्या दोन्ही बाजूंना जाई. दांड्यापर्यंतच्या दोराचे नाव मार्टिंगेल. दांड्याला मार्टिंगेल बूम म्हणत, आणि खलाशांनी त्याला दुसरे नाव दिले: डॉल्फिन स्ट्रायकर, डॉल्फिनला टोचणारा. नाळेने उडवलेल्या लाटेवर खेळायला डॉल्फिन येतात आणि जहाजाने डोके खाली घातले की हा दांडा नेमका तिथे पाण्यात घुसतो, त्यावरून हे नाव. अमेरिकी लेखक आणि काही काळ खलाशी असलेल्या रिचर्ड हेन्री डेना यांच्या १८४१ च्या खलाशांसाठीच्या मार्गदर्शक पुस्तकात मार्टिंगेल हा शब्द थेट या दांड्यासाठीच आलेला आहे. दोराचे नाव दांड्याला मिळावे, इतके दोघांचे काम एकमेकांत गुंतलेले.

खलाशांना घोड्याचे शब्द परके नव्हते. शिडाच्या आडव्या काठीखाली, शीड गुंडाळताना पाय ठेवायला जो दोर टांगत त्याला इंग्रजी जहाजांवर ‘घोडा’ म्हणत, आणि त्या दोराला ठरावीक अंतरावर वर धरणाऱ्या आखूड दोरांना ‘रिकीब’. दोन टोकांना बांधून मध्ये ओढायच्या दोराला ‘लगाम’, सोट टेकण्याच्या खोबणीच्या लाकडाला ‘खोगीर’. जमिनीवर घोडा आणि समुद्रावर जहाज ही त्या काळातली दोन वेगवान, ताकदवान आणि मनस्वी वाहने. दोन्हींची ताकद मोडून चालत नाही. ती दिशेला लावावी लागते.

हे सारे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर मुंबईत बांधलेले एक जहाज आजही पाण्यावर आहे. जमशेदजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत सागवानी लाकडाची ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका बांधली गेली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी तिचे जलावतरण झाले. ब्रिटिश आरमारासाठी बांधलेली ही फ्रिगेट आज इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल इथे जतन केलेली आहे. तरंगत असलेल्या ब्रिटिश युद्धनौकांमध्ये ती सर्वांत जुनी. पुढे झेपावलेले सोट आणि त्यांना खालून धरणारे दोर तिच्या नाळेशी नीट पाहता येतात. मुंबईच्या कारागिरांच्या हातच्या सागवानाने दोन शतके तग धरली, ही आपल्यासाठी अभिमानाची बाब आहे.

जिब-बूमवर जाऊन शीड आवरणे हे जहाजावरच्या सर्वांत धोक्याच्या कामांपैकी एक. लाटेत नाळ बुडाली की त्यावरचा माणूसही बुडे. म्हणून सोटांखाली जाळी बांधत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलादी जहाजे आली आणि बोस्प्रिट व जिब-बूम यांच्या जागी एकच आखूड पोलादी सोट आला. मग लोंबत्या दांड्याची गरज कमी झाली आणि समुद्रावरचा मार्टिंगेल हळूहळू मागे पडला.

इथेही दुसऱ्या टोकाकडे लक्ष द्यावे. जिब-बूमची उसळी शेवटी जहाजाच्या भक्कम देहात उतरते. सोट वर जाऊ पाहतो आणि हजार-बाराशे टनांचे जहाज त्याला धरून ठेवते.

दुप्पट करत जाण्याचा डाव

अठराव्या शतकात हाच शब्द फ्रेंच जुगाऱ्यांच्या तोंडी आला. हरलो की पुढच्या डावात पैज दुप्पट करायची, पुन्हा हरलो की पुन्हा दुप्पट, जिंकेपर्यंत. एकदा जिंकलो की आधीचे सगळे नुकसान भरून निघते आणि वर पहिल्या पैजेइतका फायदा राहतो. याला मार्टिंगेल खेळणे म्हणत. हे नाव जुगाराला का मिळाले याचा माग पुन्हा मार्तिगकडे जातो. प्रोव्हान्समधल्या थट्टेत मार्तिगची माणसे भोळसट समजली जात आणि ‘मार्तिगच्या तऱ्हेने खेळणे’ म्हणजे तर्काला सोडून खेळणे. डावपेच शोधणाऱ्यांना तो अक्कलहुशारीचा वाटला असेल. नाव ठेवणाऱ्यांना मात्र त्यातला वेडेपणा दिसला होता.

व्हेनिसचा जियाकोमो कासानोव्हा याने आत्मचरित्रात १७५४ च्या सुमाराची हकीकत लिहिली आहे. व्हेनिसच्या रिदोत्तो या सरकारमान्य जुगारघरात तो प्रेयसीच्या पैशांवर मार्टिंगेल पद्धतीने खेळत होता. सुरुवातीला रोज जिंकला. मग पारडे फिरले आणि दुप्पट करत करत सारी रक्कम गेली. तिचे हिरेही गेले.

असे का होते, हे शाळेतल्या गणिताने कळते. नाणेफेकीवर एक रुपयाची पैज लावू. हरलो की दोन, मग चार, मग आठ. सलग दहा वेळा हरलो तर एकूण १,०२३ रुपये जातात आणि अकराव्या डावाला १,०२४ रुपये लागतात. ते मिळवायचे कशासाठी, तर अखेरीस एक रुपया फायदा व्हावा म्हणून. सलग वीस वेळा हरलो तर दहा लाख ४८ हजार ५७५ रुपये गेलेले असतात. जिंकण्याचे बक्षीस तरीही एकच रुपया.

समजा खिशात बरोबर १,०२३ रुपये आहेत. मग १,०२४ पैकी १,०२३ वेळा एक रुपया मिळेल आणि एकदा १,०२३ रुपये जातील. दोन्ही रकमा तंतोतंत सारख्या. म्हणजे नाणे निर्दोष असेल तर सरासरी फायदा शून्य. पद्धतीने नुकसान टाळलेले नाही. अनेक लहान नुकसानांचे एक मोठे, क्वचित येणारे नुकसान केले आहे. कॅसिनोतल्या युरोपीय रूलेवर तर पारडे आधीच कलते असते. चाकावर ३७ घरे असतात, त्यांपैकी १८ लाल, १८ काळी आणि एक शून्याचे. लालवर पैज लावणारा ३७ पैकी १९ वेळा हरतो. सलग दहा हरण्याची शक्यता इथे सुमारे ७८४ मध्ये एक होते आणि वरच्या १,०२३ रुपयांच्या खेळात प्रत्येक फेरीमागे सरासरी तीस पैशांच्या आसपास तोटा होतो. दुप्पट करण्याची कोणतीही हुशारी हा तोटा फायद्यात बदलू शकत नाही.

तरीही माणूस या डावाला भुलतो, कारण बहुतेक वेळा तो चालतो. दहा-वीस दिवस रोज थोडे पैसे मिळतात, विश्वास वाढतो, पैज मोठी होते. ज्या दिवशी घात होतो त्या दिवशी आधीच्या सगळ्या दिवसांची कमाई आणि मुद्दल एकत्र जाते. शेअर बाजारात पडत्या शेअरमध्ये कर्ज काढून पुन्हा पुन्हा दुप्पट रक्कम ओतत ‘ॲव्हरेज’ करणारा माणूसही याच वाटेने चाललेला असतो. भाव कधीतरी वर येईल हे खरेही असेल; तोवर त्याचे पैसे टिकतील का, हा प्रश्न तो विचारत नाही.

गणितातला मार्टिंगेल

विसाव्या शतकात गणितज्ञांनी या नावाला नवी प्रतिष्ठा दिली. रिचर्ड फॉन मिझेस यांनी १९१९ साली यादृच्छिकतेची व्याख्या जुगाराच्या भाषेत केली होती: ज्या क्रमावर कोणतीही निवडपद्धत वापरून फायदा मिळवता येत नाही, तो यादृच्छिक. ज्याँ विल या तरुण फ्रेंच गणितज्ञाने १९३९ सालच्या आपल्या प्रबंधात या व्याख्येतल्या उणिवा दाखवल्या आणि मार्टिंगेल ही संकल्पना मांडली. पॉल लेव्ही यांच्या कामात ती कल्पना आधी, नावाशिवाय, आलेली होती. पुढे अमेरिकी गणितज्ञ जोसेफ डूब यांनी तिचा सिद्धांत उभारला आणि १९५३ सालच्या त्यांच्या ग्रंथामुळे ती जगभर पोहोचली.

गणितातला मार्टिंगेल म्हणजे निखळ न्याय्य खेळ. आतापर्यंतचे सगळे डाव तुम्हाला माहीत आहेत. तरीही पुढच्या डावानंतर तुमच्याकडे सरासरी किती असेल, याचे उत्तर आज आहे तितकेच येते. भूतकाळाची माहिती पुढच्या डावात तुम्हाला काहीही वरचढ देत नाही. अशा खेळाविषयी डूब यांनी सिद्ध केलेले एक प्रमेय थांबण्याबद्दल आहे. न्याय्य खेळातून केव्हा उठायचे याचा नियम कसाही आखा. खेळाला काळाची आणि तुमच्या पैशाला मर्यादा असेल तर उठताना तुमची सरासरी रक्कम सुरुवातीइतकीच राहते. दुप्पट करण्याचा डाव खात्रीने जिंकायचा तर अमर्याद पैसा आणि अमर्याद वेळ लागतो, आणि हे दोन्ही कोणत्याही माणसाकडे नसते.

ही कल्पना जुगाराच्या टेबलापुरती राहिली नाही. वित्तक्षेत्रात ऑप्शनची किंमत ठरवण्याचा आधुनिक सिद्धांत १९७९ ते १९८१ या काळात मायकेल हॅरिसन, डेव्हिड क्रेप्स आणि स्टॅनली प्लिस्का यांनी मार्टिंगेलच्या भाषेत मांडला. चेन्नईत जन्मलेले आणि कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत शिकलेले श्रीनिवास वरदन यांनी डॅनियल स्ट्रूक यांच्याबरोबर यादृच्छिक हालचालींच्या अभ्यासात मार्टिंगेलवर आधारलेली नवी पद्धत विकसित केली. वरदन यांना २००७ साली गणितातला आबेल पुरस्कार मिळाला. ज्या शब्दाने जुगाऱ्यांना फसवे आश्वासन दिले होते, त्याच शब्दाच्या आधाराने आता नशिबाचा काटेकोर अभ्यास होतो.

दुसरे टोक

घोडा, जहाज आणि जुगार यांना जोडणारे हे नाव योगायोगाने पसरले असेल, पण त्यांना शेजारी ठेवले की एक फरक लख्ख दिसतो. पागेतला जेरबंद तंगाला बांधलेला होता. जहाजावरचा मार्टिंगेल जहाजाच्या भक्कम देहाला बांधलेला होता. दोन्ही ठिकाणी वर उसळणारा जोर कुठेतरी उतरत होता, म्हणून तो आवरता आला. जुगाऱ्याचा मार्टिंगेल नशिबाला आवरू पाहतो. त्याचे दुसरे टोक फक्त त्याच्या स्वतःच्या खिशाला बांधलेले असते, आणि खिसा केव्हाही नशिबापेक्षा आधी संपतो.

खात्रीचा फायदा देणाऱ्या पद्धती आजही विकल्या जातात. मोबाइलवरच्या पैजांच्या ॲपमध्ये त्या असतात, शेअर बाजाराच्या झटपट वर्गांत असतात, दामदुपटीच्या योजनांच्या पत्रकांत असतात. त्या तपासायला फार गणित येण्याची गरज नाही. जोखमीला ज्या पट्ट्याने धरून ठेवणार म्हणून सांगतात, त्याचे दुसरे टोक कुठे बांधले आहे, एवढे विचारावे. त्यामागे खरा व्यवसाय, खरे उत्पन्न, तोटा सोसू शकणारा खरा आधार दाखवता आला तर पुढे बोलावे. ते टोक तुमच्याच बचतीला बांधलेले निघाले, तर जेरबंद होणार आहात ते तुम्ही, आजच्या मराठीतल्या अर्थाने.